राखेतले दोन स्क्रू

६ फेब्रुवारी २०२५

राखेत दोन स्क्रू सापडले.

सकाळी अस्थी गोळा करायला गेलो होतो. माझा थोरला भाऊ जगदेवदादा परातीत राख चाळत होता, तेव्हा काहीतरी टण्णकन वाजले. "कायचं लोखंड होय रे हे?" मी म्हटले, पौर्णिमाचे आहे. वरच्या जबड्यात बसवले होते, दातांसाठी. दादाने ते बोटांत फिरवून पाहिले. मग म्हणाला, "अस्थी नाही होय ते. बाजूले ठेव."

रुमालात बांधून आणले. करंगळीच्या नखाएवढे आहेत. जाळाने निळसर पडलेत. आटे मात्र शाबूत.

७ फेब्रुवारी

घर भरलेले आहे. कोणी काही विचारले की मान हलवतो.

९ फेब्रुवारी

पौर्णिमाचे वरचे, समोरचे चार दात लग्नाआधीच गेले होते. शाळेत असताना, जऊळक्याला माहेरी, हापशीचा दांडा उसळून तोंडावर बसला. तेव्हापासून काढ-घालीची कवळी. ती ढिली, बोलता बोलता खाली यायची. म्हणून हसू आले की हिचा हात तोंडावर. इतक्या वर्षांच्या संसारात पौर्णिमा मोकळ्या तोंडाने हसलेली मी एकदाही पाहिली नाही.

रंजीता अकोल्याला नर्सच्या नोकरीला लागली आणि आईच्या मागेच लागली — आता पक्के दात बसव. दसरा झाल्यावर वाशीमला दोन स्क्रू बसवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता काही महिने थांबायचे. हाड हळूहळू आट्यांत शिरते, स्क्रू धरून ठेवते. मग त्यावर चार दातांचा ब्रिज. मी एसटी आगारात भांडारावर आहे, नट-बोल्ट देण्यातच सारी नोकरी सरली. हाड बोल्ट धरते हे मला नवीनच होते. घरी येताना बसमध्ये पौर्णिमा म्हणाली, "तुमच्या बोल्टाले पाना लागते, माह्याले धीर लागते."

धीर तिने धरला. जानेवारीत मापे देऊन आलो. आणि या चार तारखेला झोपेतच गेली.

ज्या हसण्यासाठी थांबली ते तिला मिळालेच नाही. एवढेच मनातून जात नाही.

११ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडले. आगारात कोणी नाही. धुके. एक बस हळूहळू गोल फिरते आहे, आवाज न करता. खिडकीत पौर्णिमा. हसते आहे — खांदे हलत होते त्यावरून कळले. तोंडावर हात. मी बसच्या बाजूने चालतो आहे, हात खाली येण्याची वाट पाहत. येत नाही.

जे कधी पाहिलेच नाही ते स्वप्न तरी कुठून आणणार!

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातून फोन. तिथली मुलगी म्हणाली, "पौर्णिमाताईंचा ब्रिज तयार होऊन आला. बसवायला कधी येता?"

येतो, म्हटले.

१६ फेब्रुवारी

पौर्णिमाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भंतेजी वेळेवर आले. जेवणे उरकल्यावर माझी थोरली बहीण भागिरथाअक्का रंजीताला जवळ घेऊन बसली. पोरगी सारखी रडत होती. अक्काने तिच्या डाव्या गालाला बोट लावले, "इथची खळी कुठी गेली वं? आपल्यात तर कोणालेच नाही. तुह्या बापानं दवाखान्यातून दुसऱ्याचीच पोरगी उचलून आणली." अक्काचा हा विनोद रंजीताच्या जन्मापासूनचा. रंजीता रडता रडता हसली. पौर्णिमाही दर वेळी हसायची, हाताआडून.

राख पुढच्या रविवारी शेतात बांधावर, कडुनिंबाचे रोप लावून त्याखाली टाकायची, असे दादाने ठरवले. स्क्रूंचे कोणी विचारले नाही. ते माझ्या खिशात आहेत. राखेत ठेवावे तर दादा म्हणतो अस्थी नाही. फेकावे तर तिने इतके जपलेले. कडक घास घेत नव्हती त्यांच्यासाठी. भाकरी दुधात भिजवून खायची.

१८ फेब्रुवारी

स्वप्नात कापूस फुटला होता, दूरपर्यंत पांढरा. पौर्णिमा पाठमोरी वेचत होती. हाक मारली. वळली, तर तोंडासमोर ओंजळ, कापसाने भरलेली.

२० फेब्रुवारी

वाशीमला गेलो. डॉक्टरबाईंना सांगितले. त्या उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मी रुमाल सोडून स्क्रू दाखवले. म्हटले, भाऊ म्हणतो ही अस्थी नाही.

त्यांनी संगणकावर एक्स-रे लावला. स्क्रूभोवती हाड दाट पांढरे, आट्याआट्यांत भरलेले. "हाडानं पक्कं धरलं होतं. म्हणून तर ट्रायल घेतली."

कसली ट्रायल?

"जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला. त्या एकट्याच आल्या होत्या. शेवटचा हात फिरवण्याआधी दात तोंडात लावून पाहतो आम्ही. मग पेशंटला हसायला सांगतो, फोटो काढतो, लॅबला पाठवतो. तुम्हाला माहीत नाही?"

अठ्ठावीसला पौर्णिमा जऊळक्याला भावाकडे जाऊन येतो म्हणाली होती. संध्याकाळी आली ती फार खुशीत. काय झालं, विचारले, तर तोंडावर हात.

"मला म्हणाल्या, त्यायले सांगू नका. पक्के बसले की घरीच दाखवतो."

बाई फोटो उघडायला लागल्या. मी म्हटले, मोबाइलवर पाठवा. तिथे पाहवले नसते.

ब्रिज एका छोट्या डबीत दिला. बसमध्ये डबी मुठीत धरून बसलो. शेजारच्याने विचारले, "सोनं होय काय?" मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळले नाही.

२३ फेब्रुवारी

बांधावर खड्डा केला. राख टाकून झाल्यावर मी रुमाल सोडला. दादाने पाहिले. म्हटले, "दादा, हाडानं धरले होते हे. मी डोळ्यानं पाहून आलो." दादासमोर इतके कधी बोललो नव्हतो.

त्याने एक स्क्रू बोटांत फिरवला. "मंग अस्थीच होय ते. टाक."

रंजीताने रोप लावले, पाणी घातले.

फोटो मोबाइलमध्ये आहे. अजून उघडला नाही. खरे हसू पाहिले, की ती स्वप्नात यायची थांबेल असे वाटते.

२५ फेब्रुवारी

रंजीता आज अकोल्याला परत निघाली. ती निघण्याआधी दोघांनी मिळून फोटो उघडला.

हात कुठेच नाही. चार दात, आणि डाव्या गालावर खोल खळी.

रंजीताने हळूच आपल्या गालावर बोट ठेवले.