पायाळू आणि सदुसष्टावा बिंदू

उमरेड,
रविवार, १२ जानेवारी २०२५

सिंधूताई विहीणबाई यांस,

जिजाबाईचा न. वि. वि. ‘सप्रेम’ लिहायला हात धजला नाही, तेव्हा तो शब्द गाळला आहे.

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही मध्येच ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे आणि दुर्गेशच्या हाती पाठवते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येते, पण त्यासाठी ते आधी उघडावे लागते.

दीपमाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी तुमच्याकडे आली, त्याला माझी ना नव्हती. रीतच आहे. पण सुनेला पाठवले ते चार लाड व्हावेत म्हणून, तिच्या पायांना चटके देण्यासाठी नव्हे. दुर्गेश मागच्या खेपेला तुमच्याकडून आला आणि म्हणाला, ‘सासूबाई रोज सकाळी तिच्या पायाच्या करंगळीपाशी जळती बिडी धरून राहिल्या.’ मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. मग कळले की पोटातल्या बाळाचे पाय खाली आहेत, आणि तुम्ही त्याला चिनी धुरीने उलटे करायला निघाल्या आहात.

काहून? मी स्वतः पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आले. इथे मागाच्या खड्ड्यात बसून ज्यांच्या पाठी धरतात, ते विणकर माझ्या दारात येऊन पालथे पडतात आणि म्हणतात, ‘माय, पाय लावून दे वं.’ मी पाठीवरून पाय फिरवते, आणि वाकडा आलेला माणूस सरळ होऊन जातो. रुपरावला दोघांनी धरून आणले होते, तो एकटा चालत घरी गेला. असे देवाचे देणे या घरात दुसऱ्यांदा येऊ घातले आहे आणि तुम्ही ते दारातून परत पाठवता! भिंतीला सर्टिफिकेट टांगले म्हणून देवाला शहाणपण शिकवू नये.

हे आजच बंद करा. नाही तर मी येऊन सुनेला घेऊन जाईन. दवाखाने उमरेडातही आहेत.

कळावे. लोभ होता तेवढा या पत्रात खर्च झाला.

जिजाबाई

•

सक्करदरा, नागपूर,
१५ जानेवारी

जिजाबाई विहीणबाई यांस,

सिंधूचा न. वि. वि. तुम्ही गाळलेला शब्द मलाही सापडला नाही.

फोन मी ठेवला, कारण तुम्ही ओरडत होता आणि दीपमालाचा नुकता डोळा लागला होता.

आता बिडीबद्दल. ती बिडी नाही. आपण देवाला दवणा वाहतो ना, त्याच जातीच्या पाल्याची वळलेली कांडी आहे. ती कातडीला टेकवत नाहीत, नुसती ऊब देतात. चिनी वैद्यकात शरीरावर रेषा मानतात. त्यातली सर्वांत लांब रेषा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघते, डोक्यावरून मागे जाते, कण्याच्या दोन्ही अंगांनी उतरते आणि मांडी-पोटरीच्या मागून पायाच्या करंगळीपर्यंत येते. तिच्यावर सदुसष्ट बिंदू. शेवटचा, करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी. तिथे ऊब दिली की पोटातले मूल फिरते, असे मानतात. नेहमी फिरते असे मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून करते आहे. नाही फिरले तर ऑपरेशन.

अ‍ॅक्युपंक्चर शिकण्याआधी, निवृत्त होईपर्यंत मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. मुलाचे अंग बाहेर येते आणि डोके अडकते, तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे. तुम्ही पालथे पडलेले विणकर पाहिले आहेत. तेव्हा या विषयात उंटावरून शेळ्या हाकू नका.

आणि तुमच्या देण्याचे म्हणाल, तर विणकरांच्या पाठीवर तुम्ही जिथे पाय दाबता, तिथूनच ही रेषा जाते. माणूस सरळ होतो तो दाबामुळे. जागा बरोबर असली की कुणाचाही पाय चालतो, डोक्याकडून जन्मलेल्याचासुद्धा. तरीही पायाळू जन्म एवढा भाग्याचा वाटत असेल, तर एकदा आपल्या आईला विचारा, तिला तो कसा गेला.

दीपमाला कुठेही येणार नाही. सून तुमची असेल, पण कळा तिला यायच्या आहेत.

कळावे. दुर्गेशला रविवारी अवश्य पाठवा. त्याच्यावरच्या लोभात काही फरक नाही.

सिंधू

•

उमरेड,
१९ जानेवारी

सिंधूताई,

मायना लिहीत नाही.

आईला विचारा म्हणालात. विचारले असते. मी जन्मले त्याच दिवशी ती गेली. माझे पाय आले, अंग आले आणि डोके अडकले. मला ओढून काढले, पण तिचे रक्त थांबले नाही. एकोणीस वर्षांची होती.

घरात मला कुणी जवळ घेत नसे. आजी म्हणायची, ‘मायले खाऊन आली.’ मग मी चालायला लागले तेव्हा कुणीतरी मला आजोबांच्या धरलेल्या पाठीवर उभे केले. त्यांना उतार पडला. त्या दिवशी आजीने पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने भरवले. या पायांमुळे मला त्या घरात जागा मिळाली, आणि तुम्ही लिहिता, कुणाचाही पाय चालतो! मग माझी आई कशासाठी गेली? पायांत गुण आहे असे म्हणत मी इतकी वर्षे काढली, तेव्हा कुठे तिचे नाव घेता येत होते. ते तुम्ही दोन ओळींत पुसून टाकले.

मला देणे-बिणे काही नको होते, विहीणबाई. पायांकडून मूल येताना त्याची आई जगलेली मला एकदा डोळ्यांनी पाहायची होती. लोक म्हणतात, पुष्कळ जगतात. मी पाहिलेली नाही. तुमच्या वॉर्डाचे वाचले आणि मी काय मागत होते त्याचे माझे मलाच भय वाटले.

तुमची कांडी चालू ठेवा. बंद करू नका. हे सगळे दुर्गेशला ठाऊक नाही. या दिवसांत दीपमालाच्या कानावर घालाल, तर मी जन्मात तुमचे तोंड पाहणार नाही. नाही घातले तरी तुम्ही लिहिलेले विसरणार नाही. बारशाला बोलावू नका. येणार नाही.

जिजाबाई

•

सक्करदरा, नागपूर,
१४ फेब्रुवारी

जिजाबाई विहीणबाई यांस,

सिंधूचा सप्रेम न. वि. वि.

दुर्गेशने परवा फोन केला, तेव्हा तुम्ही ‘बरं’ एवढे म्हणून ठेवून दिला, असे तो म्हणाला. म्हणून बाकीचे मी लिहिते आहे.

कांडीचा उपयोग झाला नाही. ऊब देऊन देऊन करंगळ्या लाल झाल्या, बाळ तसूभर हलले नाही. हा हट्ट कोणत्या आजीचा घेतला, ते मी सांगायला नको. विहिणीची बिडी फुकट गेली असे उमरेडभर सांगत फिरायचे असेल तर फिरा, खोटे नाही.

पाठीवरच्या रेषेबद्दल लिहिले ते मागे घेत नाही. पण ते खरे आहे म्हणून लिहिले नव्हते, तुम्हाला लागावे म्हणून लिहिले होते. तुमच्या आईबद्दल लिहिले ते माहीत नसताना. तरी जिने असे मृत्यू पाहिले आहेत, तिने ते लिहायला नको होते. त्याची मला लाज वाटते. तुमचा राग जावा अशी माझी मागणी नाही, कारण माझाही गेलेला नाही. माझ्या मुलीच्या जिवाशी तुम्ही काही दिवस तरी खेळायला निघाला होता, हे मी विसरेन असे वाटत नाही. तुमची गोष्ट मात्र मी कुणालाही सांगितलेली नाही.

परवा ऑपरेशन झाले. डॉक्टरीणबाई जुन्या ओळखीच्या, त्यांनी मला आत उभे राहू दिले. त्यांच्या हाताला आधी पायच लागले. पायांकडून बाळ काढले, मग अंग आले, आणि डोके यायला जो क्षणभर वेळ लागला, त्यात मला तुमची आई आठवली. मी तिला कधी पाहिलेले नाही. मग डोके आले. मुलगी आहे. चांगली रडली. ऑपरेशनने झालेली पायाळू धरायची की नाही, ते तुम्ही ठरवा. उमरेडात त्यातल्या जाणत्या तुम्हीच.

मुलीची आई इथे उशाला टेकून बसली आहे. चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर चिडली आहे. बारशापर्यंत थांबू नका. उद्याच्या पहिल्या एसटीने या. पायांकडून मूल आले आहे आणि त्याची आई जिवंत आहे. येऊन डोळ्यांनी पाहा.

कळावे. लोभ धरा, न धरा, नात दोघींची आहे.

आपली,
सिंधू