साबणाचा दोष

४ मार्च
पोटऱ्यांवर लाल पुरळ. खाजवून खाजवून पाय सोलवटले. बायकोने पाहिलंच — "अहो, हे काय?" तोंडातून निघून गेलं, "तुझा तो कपडे धुवायचा नवा साबण!"
बिचारा साबण! खरं कारण व्हिटॅमिनच्या बाटलीत दडवलेलं आहे — क्षयाच्या गोळ्या. संस्कृतात याला राजयक्ष्मा म्हणतात. रोग राजाचा, आणि मी लपवतोय चोरासारखा.

५ मार्च
साबण बदलला. पुरळ तेच.

८ मार्च
आता पाठ, मान, दंड. ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचंही बटण लावलेलं. संपादक म्हणाले, "काय वार्ताहर, या वयात मुलगी बघायला निघालात?" हसलो. जगाच्या बातम्या फोडणारा मी, घरातली एक दाबून बसलोय.
हिने साबणच सोडला. माझे कपडे कढत पाण्यात नुसते हाताने चोळते. बोटांना भेगा पडल्यात. पाहिलं — आणि पेपर तोंडापुढे धरला.
मधूनमधून खोकते. "वाफेने होतं," म्हणते. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बायकोलाही तपासायला आणा." आणतो म्हणालो होतो.

११ मार्च
वॉर्डात. ओठ सुजले, ताप फणफणला, श्वास अडकायला लागला. हिनेच आणलं. डॉक्टर तिच्यादेखत कडाडले — "गोळ्यांची ॲलर्जी आहे ही! अंगभर पुरळ घेऊन हिंडत होता? जीव गेला असता!"
"कसल्या गोळ्या?" हिने विचारलं.
डॉक्टरांनी सांगितलं. मी छताकडे बघत होतो.
हिने पाण्याची वाटी जवळ ओढली. त्याच भेगाळल्या बोटांनी माझ्या ओठांना पाणी लावलं. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर!

१८ मार्च
गोळ्या सगळ्या बंद होत्या. आता एकेक, थोडीथोडी देऊन बघणार — अंगाला कुठली सोसत नाही ते. "म्हणजे आरोपींची ओळखपरेड!" मी म्हणालो. नर्स हसली.
ही नाही हसली. "दोषी कोण ते मला केव्हाच कळलंय."

२५ मार्च
ती गोळी सापडली. तिच्या जागी दुसरी. बाकीच्या सोसतायत. उद्या घरी.

२७ मार्च
हिच्या तपासणीचा निकाल आला. तिलाही आहे.
"आता साबणाला बोल लावू नका, म्हणजे झालं," म्हणाली, आणि पहिली गोळी गिळली.
मी तिची बाही वर सारून दंड बघत बसलोय.