आधी रस्ता, मग घरं

४ फेब्रुवारी

गेले एकदाची! आणि काय सांगू, थक्क होऊन आले.

पालिकेच्या रस्ता-शुल्क समितीवर ‘सामान्य नागरिक’ म्हणून एक जण लागतो. सोसायटीच्या सभेत विचारल्यावर सगळे एकदम छताकडे बघायला लागले. मी वेंधळी समोर बघत राहिले. झाली नेमणूक! हे म्हणाले, “आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांचं ऐकलंस. आता तिथे ऐक.” मला वाटलं, चहा प्यायचा, सही करायची, घरी यायचं.

तर तिथे भिंतभर शहर! नकाशा नव्हे, शहरच. प्रत्येक रस्त्याची एक रेघ. जितकी गर्दी तितकी रेघ जाड. पालिकेची एक इंजिनिअर आहे. चष्मा डोक्यावर ठेवून तोच सगळीकडे शोधत असते. मी मनातल्या मनात तिला चष्मेवाली म्हणते. ती म्हणाली, “काकू, एक घर धरा. सकाळी नोकरीला कोणी बाहेर पडतं, मुलांना सोडायला कोणी जातं. दूधवाला येतो, पार्सलवाला येतो. संध्याकाळी सगळे परत. बरोबर? आता माळावर अशी पाचशे घरं येणार.” आणि तिनं बटण दाबलं.

रेघा फुगल्या! आधी माळाजवळची, मग पुलावरची, मग स्टेशनची, आणि मग आमच्या चौकातली! कुठे तो माळ आणि कुठे आम्ही! तळ्यात खडा टाकावा तसं ते पसरत पसरत आमच्या दारापर्यंत आलं.

एक्स्चेंजमध्ये असंच व्हायचं. एका टोकाला नव्या जोडण्या दिल्या की दुसऱ्या टोकाला कुणाची लाइन लागेना. लोक आमच्या नावानं बोटं मोडायचे. रस्त्यांचंही तसंच असतं, हे मला साठी उलटल्यावर कळावं!

५ फेब्रुवारी

डोळ्यांसमोर रेघाच. भाजी चिरताना बोट कापलं.

१९ फेब्रुवारी

दुसरी बैठक. आज नीट कळलं ते लिहून ठेवते.

जो नवी घरं बांधतो त्यानं, त्या घरांमुळे रस्त्यांवर जेवढा भार वाढेल तेवढ्याचा खर्च परवानगी घेतानाच भरायचा. तेवढ्याचाच! आणि तो पैसा त्याच भागातल्या नव्या रस्त्यांना लावायचा. मुदतीत लावला नाही तर परत करायचा. किती सरळ! कुणी बसून हे असं चोख बांधलं असेल? घरात चार माणसांचा खर्च वाटताना आमची भांडणं होतात, आणि इथे अजून न आलेल्या माणसांचा वाटा काढून ठेवलाय.

शेजारीण लगेच म्हणाली, “मग आपल्या गल्लीतला तो खड्डा बुजवून घ्या की!” चष्मेवालीला विचारलं. “नाही काकू. तो जुना खड्डा आहे. तो काही नव्या घरांनी पाडला नाही.” म्हणजे खड्ड्यालाही वंशावळ! शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, “थोडक्यात, तुमचा काही उपयोग नाही.”

११ मार्च

आज समितीला चौकातल्या पादचारी पुलावर नेलं. संध्याकाळची वेळ. या पुलाखालून मी जन्मभर गेले, वर कधी चढले नव्हते.

खाली दिव्यांच्या दोन नद्या. एक पांढरी, एक लाल. मध्येच दोन्ही थिजल्या, पुन्हा हळूच सुटल्या. समितीवर एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी लांबवर बोट दाखवलं. अँब्युलन्स. निळा दिवा फिरतोय, आणि गाडी आहे तिथेच. आम्ही सगळे कठड्याला धरून तिच्याकडे बघत उभे. लोक सरकतायत, आरसे मिटतायत, दुचाक्या फुटपाथवर चढतायत. आणि वाट झाली! अनोळखी माणसांनी आपसांत एक शब्द न बोलता ती वाट केली. 

परतताना चष्मेवालीनं खरी गोष्ट सांगितली. शुल्काचा दर जुनापुराणा आहे. त्यात रस्त्याचा निम्मा खर्च जेमतेम निघतो. म्हणून अर्धे रस्ते होतात आणि माळात जाऊन संपतात. पूर्ण दर लावायचा का, हे समितीनं ठरवायचंय.

समितीवरचा बिल्डर सरळ माणूस आहे. म्हणाला, “लावा. पण मी माझ्या खिशातून देईन असं समजू नका. कोणीच देत नाही. घर घेणारा देतो.”

२ एप्रिल

लेक आणि जावई आले होते. दोघं नुसती उडत होती. घर बघितलंय! कुठे? माळावर. त्याच बिल्डरचं, अजून कागदावरच. पूर्वेची गॅलरी, समोर टेकडी. लेक भिंतीवर हातानं मापं घेऊन दाखवत होती, कपाट इथे, पुस्तकं इथे.

मला राहवेना. सांगून टाकलं, दर वाढायची गोष्ट चालू आहे, समितीत माझंही मत आहे. जावई हिशेबाला पक्का. क्षणभर बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “मग आम्हाला झेपणार नाही. पण आई, तुम्ही विरोधातच मत द्याल ना?”

लेकीनं काही विचारलं नाही. तिला उत्तर माहीत आहे असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मला मात्र माहीत नव्हतं.

९ एप्रिल

अध्यक्षांना सांगितलं की माझी मुलगी तिथे घर घेतेय, तर मी मत द्यावं की नाही? त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं. बिल्डर हसून म्हणाला, “अहो, बिल्डर मत देतोय, तर गिऱ्हाइकाच्या आईनं काय घोडं मारलंय?” ठरलं, मी मत द्यायचं.

ह्यांना विचारलं, काय करू? म्हणाले, “मला विचारून तू आजवर काय केलंयस?”

१६ एप्रिल

दोन-दोन झाले. डॉक्टरीणबाई आणि अध्यक्ष पूर्ण दराच्या बाजूनं. बिल्डर आणि एक घरांचे दलाल विरोधात. सगळे माझ्याकडे वळले.

भिंतीवर शहर उजळलेलं होतं. मी लेकीच्या गॅलरीचा विचार करत होते, खरंच करत होते. आणि मध्येच आठवलं, मी तीस वर्षं लोकांना गोड आवाजात सांगितलं, ‘लाइन व्यस्त आहे.’ व्यस्त कसली! तार टाकलीच नव्हती. कुणी पैसे वेळेवर बाजूला ठेवले नव्हते म्हणून. पलीकडे माणूस मरत असायचा, कुणाला मूल झालेलं असायचं, आणि मी म्हणायचे, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

पूर्ण दरासाठी हात वर गेला. मी नेला म्हणण्यापेक्षा गेला.

चष्मेवालीनं डोक्यावरचा चष्मा काढून पुसला. बिल्डर जाताना म्हणाला, “ताई, घरी काय सांगणार?”

१७ एप्रिल

लेक आली, बसली नाही. “ओळखपाळख नसलेल्या चार गाड्यांसाठी तू मला घराबाहेर ठेवलंस.”

खोटं नाहीच ते.

३० मे

त्यांनी शहराच्या हद्दीपलीकडे घर घेतलं. तिकडे असलं शुल्कबिल्क काही नाही. जावयानं ह्यांना कळवलं. मला नाही.

१२ जून

फोन नाही.

३ सप्टेंबर

बिल्डरनं समितीपुढे अजब प्रस्ताव ठेवला. पैसे भरण्याऐवजी रस्ता मीच बांधून देतो, तेवढं शुल्क वळतं करा. पण मग रस्ता आधी, घरं नंतर! चष्मेवाली खुर्चीतून उठलीच. एरवी घरं आधी होतात, मग लोक येतात, मग बोंबाबोंब होते, मग रस्ता. एकमतानं मंजूर. मी विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाला, “भरायचेच आहेत तर निदान डोळ्यांनी बघेन तरी, कुठे गेले ते.”

हे लेकीकडे जाऊन आले. घर छान आहे म्हणाले. मी विचारलं, माझ्याबद्दल काही? “तुझा गुडघा कसा आहे विचारत होती.” एवढ्यावर मी आठवडा काढीन.

१८ जानेवारी

आज पहाटे ह्यांना उठवून माळावर घेऊन गेले. रस्ता पुरा झालाय, अजून खुला नाही.

कसं लिहू? टेकडीच्या पायथ्याशी, चोहीकडे गवत, आणि मधून तो. काळाभोर. दोन्ही बाजूंना फुटपाथ. सायकलींची वेगळी पट्टी. ओळीनं दिवे, सगळे चालू! झेब्रा पट्टे, पण ओलांडायला कुणी नाही. बसथांब्याला बाक, पण बस नाही. एका वळणाला छोटी वाट फुटलेली आणि ती चार पावलांवर गवतात संपलेली. तिथे उद्या फाटक येणार, कुणाचं तरी. जी मुलं अजून जन्मलेली नाहीत त्यांच्यासाठी पदपथाची कड उतरती करून ठेवलीय, बाबागाडी चढावी म्हणून! ह्यांनी बूट काढले आणि अनवाणी चालायला लागले. मी म्हटलं, अहो, हे काय? म्हणाले, “अगं, एवढा कोरा रस्ता आयुष्यात परत कधी मिळणार?”

देवळातही वाटत नाही तसं काहीतरी मला तिथे वाटलं. हे लिहायलाही संकोच होतो. डांबरच ते!

पुढे बिल्डर भेटला. एकटाच, मफलर गुंडाळून दिव्याखाली उभा. म्हणाला, “ताई, इतक्या इमारती बांधल्या. प्रत्येकीवर माझं नाव आहे. ह्याच्यावर नाही लागणार.” मफलर पुन्हा गुंडाळला. “आणि रोज सकाळी इथेच यावंसं वाटतं.”

मी म्हटलं, “आमच्या तारांवरही कुणाचं नाव नव्हतं.”

परत येताना मात्र रडू आलं. त्या टेकडीकडे तोंड करून एक पूर्वेची गॅलरी होणार होती.

२५ मार्च

रस्ता खुला झाला. फीत, भाषणं, ते सोडा. चष्मेवालीनं मला हात धरून पादचारी पुलावर नेलं. “काकू, नवा रस्ता चौकाला वळसा घालून माळावरून थेट स्टेशनला जातो. आता बघा.” वेळ संध्याकाळचीच. खालच्या त्या दोन नद्या, आणि मध्येच त्यांना एक फाटा फुटला! गाड्या आपण होऊन तिकडे वळायला लागल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. बघता बघता चौक मोकळा व्हायला लागला. पोरगी हुंदके देत होती. मी तिचा चष्मा धरून उभी होते.

किती जणांचा किती किती वाटा, आणि कुणाला पत्ताही नाही. त्यात एक वाटा माझ्या लेकीच्या रुसव्याचा.

२ जुलै

तिच्या वाढदिवसाला फोन केला. जावयानं घेतला. ती कामात आहे म्हणाला.

६ नोव्हेंबर

लेकीचा फोन! तिचा स्वतःचा!

तिकडेही आता शुल्क बसवायचं घाटतंय. समिती झालीय आणि रहिवाशांतर्फे तिला घेतलंय.

“मी विरोधात मत देणार आहे, आधीच सांगते,” ती म्हणाली. “पण काल त्यांनी आम्हाला सगळं उलगडून दाखवलं आणि... आई, तू हे बघितलं होतंस? हे सगळं?”

मी हो म्हटलं.

“रविवारी ये. मला पहिल्यापासून समजून घ्यायचंय. आणि बसमधून उतरलीस की तिथेच थांब, मी घ्यायला येते. पुढे रस्ता नाहीये.”