पुसलेला पांढरा ठिपका

प्रिय पोरी,

काल चिमीच्या चौथ्या केमोनंतर तू गाडीत बसल्या बसल्या झोपलीस. तुला उठवायचं माझ्या जिवावर आलं. आपण दोघंही पार थकलोय. घरी आल्यावर चिमीने खाल्लेलं सगळं ओकलं, मग माझ्या टकलावरून हात फिरवत म्हणाली, "आजोबा, आता आपण शेम टू शेम." मी हसलो आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

डोळ्यातही कॅन्सर होतो, हे माझ्या डोक्यात शिरायला आठ दिवस लागले. शाळा माझी अर्धवट. जे शिकलो ते खटपट करत. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचा गोळा काढून दाखवला: आतल्या पडद्यावर गाठ, तिच्यावर उजेड पडला की बाहुली पांढरी चमकते. औषधाने गाठ आक्रसतेय, उरलेली लेझरने जाळतील. डोळा बहुतेक वाचेल. नजर किती, ते त्याही सांगत नाहीत. आणि तू रोज तेच उगाळत बसतेस, की आई असून मला दिसलं कसं नाही?

दिसणार कसं? मीच दिसू दिलं नाही. चाळीस वर्षं स्टुडिओत लोकांचे फोटो नीटनेटके करतोय. चिमीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोंत डावी बाहुली पांढरी आली होती. मला वाटलं, फ्लॅशचा दोष. काळा रंग भरला, वर चमक म्हणून बारीक ठिपका दिला. तू म्हणालीस, बाबा, काय सुंदर डोळे आलेत! मी फुशारलो. त्यात सात महिने गेले. हे तोंडावर सांगायला चारदा तुझ्यापुढे येऊन बसलो आणि चारही वेळा चहाच मागितला.

शिव्या दे, पण नंतर. आधी धाकटीचं बघ. बहिणीलाही हा आजार असू शकतो म्हणून भूल देऊन तिचे डोळे तपासायला सांगितलेत, आणि तू म्हणतेस, एवढ्याशा जिवाला भूल कशाला, फोटोंत तर तिचे डोळे काळेभोर आहेत. अगं, ते फोटोही माझ्याच हातून गेलेत. हाताला सवयच लागलीय, बाहुलीत दिसला पांढरा ठिपका की भर काळा. तिच्या डोळ्यात पांढरं होतं की नव्हतं, मला खरंच आठवत नाही. मूळ फोटोही मी ठेवले नाहीत. बुधवारची जी तारीख तू रद्द केलीस, ती मी तुला न विचारता पुन्हा ठरवून घेतलीय. सकाळी आठला. उपाशी ठेवल्यावर ती रडेल, मी तिला कडेवर घेऊन फिरेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिला घेऊन ये. भुलीच्या कागदावर सहीला आईच लागते.

तुझाच, चुकलेला
बाबा