कड्यालगतचे चार पट्टे

१४ मार्च
पोहोचले एकदाची! खिडकीतून समुद्र, दारापासून माळ. कोणतं फूल कधी फुललं ते वर्षभर वहीत लिहायचं, एवढंच काम. घरमालकीण लव्हडेबाईंनी केशराचा पाव खाऊ घातला आणि स्वेटर विणायला मापं घेतली. खांदे, छाती, मग डोक्यापासून टाचेपर्यंत. मी म्हटलं, स्वेटर घोट्यापर्यंत घालतात का तुमच्याकडे? त्या हसल्या. सवय म्हणे.

२ एप्रिल
स्क्विल फुलली, बोटभर उंच, निळीशार. जुन्या वह्या चाळल्या. चार बायका, चार अक्षरं, आणि चौघींचीही नोंद ऑक्टोबरात थांबलेली. बाई म्हणतात, एकटेपणा झेपत नाही, निघून जातात. मी कुठली जातेय! भावाचं दार आपटून आलेय.

१९ मे
कड्याकाठी थ्रिफ्टचे गुलाबी गेंद. चहाच्या वेळी जरा शहाणपणा पाजळला. कड्यावरच्या काळ्या खडकाच्या पश्चिमेला थ्रिफ्ट सुकतेय, म्हणजे खाली भेग आहे, पुढचा कडा तिथेच ढासळणार. बाईंचा भाऊ हेडली जळणासाठी माळावरची गवतमुळांसकट मातीची ढेकळं कापतो. त्याने कप खाली ठेवून नेमकी जागा विचारली. मी खिडकीतून बोट दाखवलं. कोणीतरी माझं ऐकतंय म्हणून उगाच खूश झाले.

६ जुलै
हेदरने माळ जांभळा झालाय, पण माझं मन तिथे नाही. कड्यालगत चार पट्टे सापडले, प्रत्येक माणूसभर लांब. एकावर कमरेएवढं गॉर्सचं काटेरी झुडूप, दुसऱ्यावर हेदर, तिसऱ्यावर फॉक्सग्लोव्हचे फुलांचे तुरे, चौथ्यावर नुसतं कोवळं तण. जमीन खणली की माळ याच्या उलट क्रमाने परत येतो, आधी तण, सगळ्यात शेवटी गॉर्स. खोडांची वलयं मोजली, वह्यांवरची वर्षं पाहिली. जुळतात.
पट्ट्यांसमोरचा कडा शाबूत आहे. दोन्हीकडचा केव्हाच समुद्रात गेलाय.

२८ ऑगस्ट
चैन पडत नाही. शेवटी पट्ट्यांबद्दल विचारलंच. बाईंनी विणकामावरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "मुळांना धरायला काहीतरी लागतं, पोरी. नाहीतर हे घर कधीच खाली गेलं असतं."
हेडली म्हणाला, बहिणीला थट्टा करायची खोड आहे. मीही हसले. का हसले? निघावं तर कुठे जायचं? भावाला पत्र टाकलं. हेडलीच्याच हातात दिलं, मूर्खासारखं.

१ ऑक्टोबर
उत्तर नाही. पिशवी भरली. चार दिवस धुकं. हेडली म्हणतो रस्ता खचलाय, बस बंद. मला काहीच दिसत नाही.
स्वेटर झाला. अगदी मापात बसला.

३ ऑक्टोबर
दुपारी खडकापर्यंत चाचपडत गेले. पश्चिमेला, मी दाखवलं तिथेच — हिरवळ कापून गुंडाळून ठेवलीय. खाली ओल्या मातीचा पट्टा. पावलांनी मोजलं. पुन्हा मोजलं —
माझ्याएवढा.

४ ऑक्टोबर, सकाळ
दार उघडत नाही. बाहेरून काहीतरी लावलंय. दोघं अंगणात बोलतायत, रोजच्यासारखं, हवेबद्दल. बाई म्हणतायत, चहा निवतोय, पोरी —
तुझ्यासाठी लिहितेय, तू जी कोण पुढे येशील. फुलं नंतर मोज. आधी पट्टे मोज. पाच असतील तर —
कडी —