तिसऱ्यांच्या कार्डाखालची ओळ

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्यावर रुसलेला आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

सहावीच्या वर्गात तुम्ही खिडकीपासून फळ्यापर्यंत सुंभाची दोरी बांधली होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापून तुम्ही आम्हाला वाटलेत. घरी, खाडीवर, बागेत जे कळलं असेल त्यातलं एकच काहीतरी चार ओळींत लिहायचं, खालचा अर्धा भाग कोरा सोडायचा आणि कार्ड चिमट्याने दोरीला लावायचं. ज्याला त्याबद्दल आणखी माहीत असेल, त्याने खाली भर घालायची. खोडायचं कुणी नाही. मी भरती-ओहोटीवर लिहिलं, पुस्तकातून, एकही चूक न करता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तुम्ही ते वाचता आहात आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आहे. "अक्षर सुरेख आहे रे," तुम्ही म्हणता, "पण दुसऱ्याला बसायला जागाच ठेवली नाहीस." वर्ग हसतो. ते हसू मला आजही ऐकू येतं.

माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीने एवढंच लिहिलं होतं की वाळूत शेजारीशेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, असतात. अक्षर वाकडंतिकडं. चार दिवसांत तिच्या कार्डाखाली एकाने कुठल्या ओहोटीला जावं ते लिहिलं, दुसऱ्याने तिसऱ्यांमधली वाळू कशी काढायची ते. पाचव्या दिवशी फळ्यावर तारीख घालायला मी सगळ्यांच्या आधी आलो, तर तिच्या कार्डाच्या तळाशी तुमची लाल शाई: "मला हे माहीत नव्हतं. आता माहीत झालं." तुम्ही घाटावरच्या, तुम्हाला कुठून माहीत असणार? पण तुम्हाला सगळंच येतं असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला काही नवं देता येतं, आणि ते तिने दिलं. मी कार्ड काढून भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. वर्ग भरल्यावर तुम्ही तिला म्हणालात, "बघ, खाली मी काय लिहिलंय." तिथे नुसता चिमटा होता. ती रडवेली होऊन विचारत राहिली. तुम्ही तिच्याकडे नाही, सगळ्या वर्गाकडे बघून म्हणालात, "सापडलं की वाच." वर्ष संपेपर्यंत तो रिकामा चिमटा तुम्ही काढला नाहीत.

नववीत मी शाळा सोडली. आता मिरजोळ्याला आमरसाच्या कारखान्यात डब्यांवरची लेबलं तपासतो. ती मागच्या बाकावरची मुलगी मात्र तुमच्याच वर्गावर शिक्षिका झाली. मुलांकडून फोनवर एकेका मिनिटाचे व्हिडिओ करून घेते. एकाने सांगितलं की पुढचं मिनिट दुसऱ्याने जोडायचं. बाहेरगावचे शिक्षक ते बघायला येतात. माझी भाची त्याच वर्गात आहे, म्हणून ते व्हिडिओ आमच्याही फोनवर येतात. मी चुका शोधत सगळे बघितले. सापडल्याही, पण बरं काही वाटलं नाही.

परवा ताईऐवजी मी पालकसभेला गेलो. दारात चप्पल काढत होतो तेवढ्यात ती म्हणाली, "तू काय सुधारायचा नाहीस. चपलासुद्धा पट्टी लावून ठेवतोस." मग म्हणाली, लेबलं कशी तपासतात ते मुलांना एका मिनिटात सांग, आणि सगळं सांगून टाकू नकोस, पोरांना जोडायला ठेव. अगदी तुमच्यासारखी बोलते. निघताना आवाज खाली आणून तिने विचारलं, "बाईंनी माझ्या कार्डाखाली काय लिहिलं असेल रे? चूकच काढली असणार." इतकी वर्षं ती असं समजून चालली आहे, बाई. आणि मी म्हणालो, "मला काय माहीत."

कार्ड आता समोर आहे. तुमच्या ओळीखाली बोटभर जागा उरली होती. तिथे मी लिहिलं, "हे मी काढलं होतं," आणि खाली नाव घातलं. दुसऱ्याच्या कार्डावर मी पहिल्यांदाच काही लिहिलं. उद्या भाचीला शाळेत सोडायला जाईन तेव्हा ते जिचं आहे तिच्या हातात देईन. हे पत्र मात्र वहीतच राहणार, म्हणून एवढंही सांगून टाकतो. देण्याआधी तुमची ओळ मी एका कोऱ्या कार्डावर उतरवून घेतली आहे, लाल शाईने, तुमच्यासारखं अक्षर काढून. खालचा अर्धा भाग कोरा सोडला आहे. पण ते दोरीला लावणार नाही.