बिनफाटकाचं वळण

७ मे
आज वसाहतीच्या सभेत माझा ठराव मंजूर! दर वर्षी रस्त्याच्या वर्गणीवरून जी हमरीतुमरी होते, ती मी एका वाक्यात संपवली. ज्याच्या फाटकासमोर जेवढा रस्ता, तेवढा त्याने सांभाळायचा. सामाईक फंड बंद. टाळ्या पडल्या.

आमचं फाटक अख्ख्या डोंगरावर सगळ्यांत अरुंद आहे, हा निव्वळ योगायोग. ही म्हणाली, आधी टेप घेऊन फाटकं मोजलीत आणि मग ठराव लिहिलात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हिला दूरदृष्टी आणि आप्पलपोटेपणा यांतला फरक कळत नाही.

रस्ता समितीचा अध्यक्षही मीच. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. एवढा विश्वास!

८ मे
वसाहतीच्या तोंडाशी स्वतः रंगवलेली पाटी ठोकली. ‘खासगी रस्ता. बाहेरच्यांना सक्त मनाई.’ अक्षर झकास आलंय.

परत चढताना मधल्या मोठ्या वळणावर दम खायला थांबलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे घर नाही. घर नाही म्हणजे फाटक नाही. फाटक नाही म्हणजे...

ठरावात किरकोळ दुरुस्ती करायला हवी. सवडीने करू.

११ मे
वळणावर दरीच्या बाजूने डांबरात एक रेघ दिसली. तडा म्हणणं म्हणजे राईचा पर्वत. घरी बोललो नाही. लेक बाळंतपणाला आली आहे, जावई बोटीवर, उगाच घोर नको. जूनच्या मध्यावर तारीख आहे. तिला सांगितलं, काही काळजी करू नकोस, वेळ आली की मी स्वतः गाडी काढून तुला खाली हॉस्पिटलात नेईन. ती म्हणाली, बाबा, पण खाली जाताना नेहमी आईच चालवते ना? मी म्हटलं, मी शेजारी बसून निरीक्षण करतो. तिने विचारलं, डोळे मिटून? खड्डे डोळ्यांपेक्षा अंगाला जास्त कळतात, हे या पिढीला कोण सांगणार.

१४ मे, सकाळ
उपाय सापडला. रेघेवर पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला. आता पट्टा अखंड असेपर्यंत कोणी घाबरायचं कारण नाही. शास्त्रीय पद्धत. काम बसून केलं. उभं राहून पाठीला त्रास होतो.

१९ मे
वळणासाठी पैसे गोळा करायला निघालो. निश्चय: नाही ऐकून घ्यायचं नाही.

वळणाखालचे दातांचे डॉक्टर म्हणाले, मी वळण चढतच नाही, मी का देऊ? उलट वरचं पाणी माझ्या अंगणात येतं. चहा दिला. माझी एक दाढही बघितली, काढावी लागेल म्हणाले. आमच्या शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, तुमच्या ठरावानुसार वळणाची जबाबदारी कोणाचीच नाही, आणि भाषा इतकी पक्की आहे की फट सापडत नाही. भाषेचं कौतुक ऐकून बरं वाटलं. बाकीच्यांनी आपापल्या फाटकासमोरचा तुकडा दाखवला. एकाने तर स्वतःपुरतं गुळगुळीत काँक्रीट करून घेतलंय. दोन्हीकडे खड्डे, मध्ये आरसा.

जमा: काही नाही. पण जनजागृती झाली.

२३ मे
नगरपालिकेत गेलो. (ही घेऊन गेली. वळणावर मी रेडिओची बटणं बघत होतो.) अभियंता तरुण आणि उद्धट. वळण तुम्हीच दुरुस्त करा, असं मी ठणकावून सांगितल्यावर त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. माझीच पाटी. अक्षर खरंच झकास आहे.

३० मे
पाऊस. परवापासून एकसारखा.

लेकीने विचारलं, रस्ता ठीक आहे ना? ठणठणीत, म्हटलं. ही माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर उलटा धरला होता.

१ जून
छत्री घेऊन वळणावर गेलो. पट्टा अखंड आहे. फक्त लांबीने दुभंगला आहे. अर्धा पट्टा कड्याकडे, अर्धा दरीकडे, आणि मध्ये माझी चप्पल आडवी जाईल एवढी जागा. घातली नाही. लांबूनच अंदाज केला.

नवीन पट्टा मारावा म्हणून ब्रश काढला. पेंट रस्त्याऐवजी शर्टावर. चार पावलं मागे आलो आणि कड्याला पाठ टेकून कितीतरी वेळ उभा राहिलो. खालून दगड सुटल्याचा आवाज येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

वही माझी आहे, इथे कोण वाचणार? लिहून टाकतो. मला भीती वाटते. या वळणाची पहिल्या दिवसापासून वाटते. घर बघायला आलो तेव्हाही वाटली होती, पण दलाल हसेल म्हणून मी हवा छान आहे म्हणालो.

२ जून
काल थकव्यामुळे मजकूर जरा भडक झाला आहे. दुर्लक्ष करावे.

निश्चय: (अ) सभा बोलावणे. (ब) सामाईक फंड पुन्हा सुरू करा, असं तोंडाने म्हणणे. (क) लेकीला आजच खाली हिच्या बहिणीकडे पोचवणे.

४ जून
(अ) पावसात कोण येणार? (ब) अध्यक्षाने स्वतःचाच ठराव फिरवला तर पदाची शान राहत नाही. (क) हिला मी परवाच सांगणार होतो. पण सांगायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ठरावाचा विषय निघतो. तारखेला अजून अवकाश आहे. डॉक्टरांच्या तारखा नेहमी पुढेच जातात.

रात्री डोळा लागत नाही. पाऊस जरा थांबला की दगड ऐकू येतो की काय म्हणून कान तिकडेच.

६ जून
दुपारी जेवणं उरकत असताना लेकीने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, आई, मला वाटतं निघावं लागेल.

गाडी मीच काढली. हे नोंदवून ठेवतो. फाटकातून बाहेर काढली, आमच्या तुकड्यावरून नेली, वकीलबाईंच्या तुकड्यावरून नेली. वळणावर रस्ता नव्हता. म्हणजे कड्याकडचा अर्धा होता. दरीकडचा, अर्ध्या पांढऱ्या पट्ट्यासकट, गेला होता.

मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. ही तोवर फोन करून मोकळी. दातांचे डॉक्टर खालून गाडी घेऊन आले आणि पलीकडे उभे राहिले. वकीलबाई गाऊनवरच धावत आल्या. ठरलं असं की हिने आणि वकीलबाईंनी लेकीला दोन्ही हातांना धरून कड्याकडेने न्यायचं आणि मागून मी बॅग आणायची. त्या गेल्या. मध्ये कळ आली तेव्हा लेक कड्यावर डोकं टेकून उभी राहिली. पाऊस तिच्या मानेवर पडत होता. माती सुटायचा आवाज मला इकडे ऐकू येत होता, तिलाही येत असणार. मग ती परत चालू लागली आणि पोचली.

मी बॅग उचलली. एक पाऊल टाकलं. दुसरं पडेना. खाली बसलो आणि बॅग पोटाशी धरली.

बॅग न्यायला वकीलबाई परत आल्या.

पलीकडून लेक ओरडली, बाबा, तुम्ही थांबा तिथेच, मी जाऊन येते! मंडईत निघाल्यासारखी. त्या अवस्थेत ती मला धीर देत होती. मी हात हलवला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही हलवत होतो.

७ जून, पहाटे
मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून हमसून हमसून रडलो. घरात कोणी नसल्याने प्रश्न उद्भवला नाही.

९ जून
हिने हॉस्पिटलच्या बाकावर बसून घरोघर फोन केले. माझी लेक भर कळांत ते वळण चालत गेली, एवढंच सांगितलं म्हणे. संध्याकाळपर्यंत वर्गणी जमली. सामाईक फंड पुन्हा सुरू. माझा ठराव रद्द, एकमताने. सभा डॉक्टरांच्या दवाखान्यात, म्हणजे वळणाखाली होती. म्हणून मी विरोध करू शकलो नाही.

ही विचारते, नात बघायला कधी येताय? म्हटलं, वर कोणीतरी लक्ष द्यायला हवं. उद्या येतो.

१३ जून
कंत्राटदाराने जाळीत दगड भरून कड लावली. वकीलबाई रोज खाली जाऊन नात बघून येतात. नाक माझं म्हणतात.

मीही आज वळणापर्यंत गेलो. काम समाधानकारक. उद्या नक्की.

१७ जून
उद्या.

२१ जून, सकाळ
अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. आज जाणारच होतो. वकीलबाईंना विचारावं, खबरदारी म्हणून फक्त, की चालताना माझा हात धराल का. तेवढ्यात फाटक वाजलं.

ही, लेक, आणि हिच्या हातात दुपट्यातलं गाठोडं. डॉक्टरांची गाडी खालीच थांबवून वळण चालत ओलांडलं म्हणे. नाक माझंच आहे.

मी विचारलं, वळणावर घाबरली नाही ना छोटी? लेक म्हणाली, झोपली होती, बाबा.

चौदा दिवसांची पोर. माझ्या आधी वळण ओलांडून आली.

झोपेत होती. झोपेत काय, कोणीही ओलांडेल.